करार दिल्लीत, भाव खामगावात : परदेशाशी झालेला व्यापार करार आपल्या देशाचा कायदा कसा होतो?

(संग्रामपूर, जि. बुलडाणा येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या पत्रिकेत माझा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कृषी विद्यापीठाचा माणूस आला म्हणजे तो बोंडअळीवर बोलणार, संत्र्याच्या बहारावर बोलणार, फार तर खारपाणपट्ट्यातील जमिनीला जिप्सम किती टाकावे ते सांगणार, अशी आपली अपेक्षा असते. ती रास्तच आहे. हे सर्व विषय दुपारच्या सत्रात आहेत. परंतु मागे याच तालुक्यात शिवार फेरी करीत असताना एका कास्तकार बंधूने मला धुऱ्यावर उभे करून विचारले होते, "सायेब, पेपरात आलं का ऑस्ट्रेलियाचा कापूस बिगर डुटीचा येनार. मंग हा कायदा पास कधी झाला? आमच्या खासदारानं त्यावर मत देल्लं का नाई?"

मला उत्तर देता आले नाही. पऱ्हाटीवरचा रस कोणत्या किडीने शोषला ते पानाकडे पाहून सांगता येते, पण हा प्रश्न वेगळाच होता. परत गेल्यावर कागदपत्रे वाचली, जाणकारांना विचारले. जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो. त्या बंधूच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. त्या करारावर संसदेत मतदान झाले नाही, त्यासाठी वेगळा कायदाही पास झाला नाही. तरीही तो करार आज मुंबईच्या बंदरावर कायद्यासारखाच चालतो. हे कसे होते, ते पाहू.

सही झाली म्हणजे करार लागू झाला असे नाही

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात व्यापार कराराची बोलणी २०११ साली सुरू झाली. मध्यंतरी ती थंडावली, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २ एप्रिल २०२२ रोजी 'आर्थिक सहकार्य व व्यापार करार' या नावाने सह्या झाल्या. दोन्ही देशांचे व्यापारमंत्री आपापल्या ठिकाणी बसून दूरदृश्य पद्धतीने सही करीत होते आणि दोन्ही पंतप्रधान ते पाहत होते. वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी लिहिले, 'करार झाला'. खरे पाहता त्या दिवशी बंदरावर एका गाठीचाही आयात कर कमी झाला नाही. करार अमलात आला २९ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे जवळजवळ नऊ महिन्यांनी.

या नऊ महिन्यांत काय झाले? शेतीच्या व्यवहाराचे उदाहरण घेऊ. आपण इसारपावती करतो, तेव्हा जमीन आपल्या नावावर होत नाही. पुढे खरेदीखत, मग फेरफार, मग सातबाऱ्यावर नोंद, असे टप्पे असतात. करारावरची सही ही इसारपावती समजा. त्यानंतर दोन्ही देशांनी आपापल्या घरातली कायदेशीर पूर्तता करायची, ती झाल्याचे एकमेकांना लेखी कळवायचे, आणि मग ठरलेल्या दिवसापासून करार लागू होतो.

ही 'घरातली पूर्तता' प्रत्येक देशात वेगळी असते आणि आपल्या विषयाचा गाभा तिथेच आहे. ऑस्ट्रेलियात काय झाले ते आधी पाहा. तेथे सही झालेल्या कराराचा मजकूर संसदेपुढे ठेवला गेला. करारांची छाननी करणारी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती तेथे आहे, तिने तो तपासला. मे २०२२ मध्ये तेथे निवडणूक होऊन सरकारच बदलले, त्यामुळे एका सरकारने सही केलेला करार दुसऱ्या सरकारने पुढे नेला. आयात कराच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक तेथील संसदेत मांडले गेले आणि २२ नोव्हेंबर २०२२ रोजी ते मंजूर झाले. तेथील मेंढपाळाला किंवा बागायतदाराला आपल्या खासदाराने काय मत दिले हे विचारता येत होते.

आपल्याकडे असे विधेयक आले नाही. मंत्रिमंडळाची संमती, राष्ट्रपतींच्या नावाने देशाची मान्यता, आणि मग वित्त मंत्रालयाची अधिसूचना, एवढ्यावर काम झाले. २६ डिसेंबर २०२२ ची सीमाशुल्क अधिसूचना क्रमांक ६२/२०२२ हा तो कागद. माल खरोखर ऑस्ट्रेलियाचाच आहे हे कसे ठरवायचे, त्याचे नियमही त्याच महिन्यात वेगळ्या अधिसूचनेने निघाले. तीन दिवसांनी करार सुरू.

मग हे घटनेत बसते काय?

बसते. कसे, ते थोडे समजून घ्यावे लागेल. कंटाळू नका, कारण इथे आपल्या शेतीचा संबंध येतो.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात कामांची वाटणी आहे. केंद्राची एक यादी, राज्यांची एक यादी, आणि दोघांची सामाईक एक. राज्यांच्या यादीत १४ व्या क्रमांकावर आहे शेती. शेतीचे शिक्षण, संशोधन, किडींपासून संरक्षण, सगळे त्यात आले. आता केंद्राच्या यादीत १४ व्या क्रमांकावर काय आहे? परदेशांशी तह आणि करार करणे व ते अमलात आणणे! योगायोगच म्हणायचा, पण लक्षात ठेवायला सोपा. त्याच केंद्राच्या यादीत ४१ वा परदेशी व्यापार आणि ८३ वा सीमाशुल्क, म्हणजे आयात-निर्यातीवरील कर. तेव्हा पऱ्हाटी कशी पेरावी हा राज्याचा विषय, आणि बाहेरून कापूस किती कर भरून यावा हा सर्वस्वी केंद्राचा. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना चालली, ती राज्याच्या कायद्याने चालली. सगळा कापूस खरेदी करण्याचा अधिकार राज्याने घेतला, पण मुंबई बंदरावरच्या गाठीवर एक पैसा कर लावण्याचा वा कमी करण्याचा अधिकार त्या काळीही राज्याला नव्हता.

ज्यांचे नाव आपल्या विद्यापीठाला आहे ते डॉ. पंजाबराव देशमुख घटना समितीचे सदस्य होते आणि पुढे दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री होते. शेती राज्याची असूनही शेतमालाच्या भावाचा एक दोर दिल्लीत असतो, हे त्यांच्याइतके जवळून फार थोड्या वैदर्भीयांनी पाहिले असेल.

घटनेच्या ७३ व्या कलमाप्रमाणे ज्या विषयावर संसद कायदा करू शकते त्या विषयात केंद्र सरकार कारभारही करू शकते. म्हणून करार करण्यासाठी सरकारला आधी संसदेची परवानगी लागत नाही. २५३ व्या कलमाने करार अमलात आणण्यासाठी संसद कोणताही कायदा करू शकते, अगदी राज्यांच्या यादीतल्या विषयावरसुद्धा. पण 'करू शकते' म्हणजे 'केलाच पाहिजे' असे नाही. केलाच पाहिजे तो केव्हा? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली मगनभाई पटेल खटल्यात दिले. कच्छच्या रणाची सीमा ठरविणाऱ्या लवादाच्या निवाड्याचा तो वाद होता. आपल्या नागपूरच्या हायकोर्टात वकिली करून पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले न्या. हिदायतुल्ला त्या पीठावर होते. त्या निकालातून निघालेला नियम थोडक्यात असा, की करार करणे हे सरकारचे काम, परंतु करारामुळे नागरिकांच्या हक्काला बाध येत असेल किंवा देशाचा चालू कायदा बदलावा लागत असेल, तर संसदेचा कायदा लागतो.

इथे आपण म्हणाल, आयात कर बदलला म्हणजे कायदाच बदलला की. घटनेच्या २६५ व्या कलमात तर स्पष्ट म्हटले आहे की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येणार नाही. मग कर नुसत्या अधिसूचनेने कसा कमी झाला?

याची किल्ली संसदेने सरकारला फार पूर्वीच देऊन ठेवली आहे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ चे कलम २५. लोकहितासाठी आवश्यक वाटल्यास राजपत्रात अधिसूचना काढून कोणत्याही मालावरील आयात कर पूर्ण किंवा अंशतः माफ करण्याचा अधिकार या कलमाने केंद्र सरकारला आहे. कराचा मूळ दर सीमाशुल्क दरपत्रक अधिनियम, १९७५ मध्ये संसदेने ठरविलेला असतो. त्याच कायद्याच्या ५ व्या कलमात, ज्या देशाशी करार आहे त्याच्या मालाला सवलतीचा दर देण्याची आणि माल त्याच देशाचा असल्याची खात्री करण्याचे नियम बनविण्याची तरतूद आहे. म्हणजे घराची किल्ली मालकाने पूर्वीच कारभाऱ्याकडे दिलेली आहे. कारभारी दार उघडतो तेव्हा दर वेळी मालकाला विचारत नाही.

मालकाचा हक्क मात्र संपत नाही. सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १५९ प्रमाणे अशी अधिसूचना संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे अधिवेशन काळात तीस दिवस ठेवावी लागते. दोन्ही सभागृहांनी ठरविले तर ती बदलता येते किंवा रद्दही करता येते. प्रत्यक्षात अशा कागदांच्या थप्पीतील एखाद्या कागदावर चर्चा होणे फार क्वचित घडते. माझ्या मते दोष कायद्यात कमी आणि आपल्या सर्वांच्या बेसावधपणात जास्त आहे. तीस दिवसांत कोणी खासदाराला पत्र लिहिले तर तो प्रश्न विचारील. पण पत्र लिहिणाऱ्याला मुळात अधिसूचना निघाल्याचे माहीत तरी असावे लागते.

आपल्या शेतात याचा हिशेब

आता आकडे घेऊ. कापसावर बराच काळ आयात कर नव्हता. २०२१ च्या अर्थसंकल्पात तो लावण्यात आला. मूळ कर ५ टक्के, कृषी पायाभूत सुविधा उपकर ५ टक्के, आणि या दहावर दहा टक्के अधिभार म्हणजे १. एकूण ११ टक्के. बंदरावर १०० रुपयांना पडलेली रुई सूतगिरणीला १११ रुपयांना पडणार. आपल्या रुईला एवढे कुंपण.

ऑस्ट्रेलियाच्या करारात या कुंपणाला एक फाटक ठेवले. वर्षाला ५१,००० टन कापूस कर न भरता येऊ शकतो. १७० किलोच्या गाठी धरल्या तर तीन लाख गाठी. आपल्या देशाचे उत्पादन ३०० लाख गाठींच्या आसपास असते, त्याच्या शेकडा एक. हा आकडा ऐकून पुष्कळ जण म्हणतात, एवढ्याने काय होते? मी हाच आकडा दुसऱ्या मापाने मोजतो. ५१,००० टन रुई म्हणजे शेकडा ३४ उतारा धरून साधारण १५ लाख क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरी ५ क्विंटल धरले तर तीन लाख एकरांची पऱ्हाटी. देशाच्या बाजारात हे थोडेच आहे, आणि त्यातला पुष्कळ कापूस आपल्या नेहमीच्या कापसापेक्षा अधिक लांब व स्वच्छ धाग्याचा असतो, म्हणून तो थेट आपल्या गाठीशी भिडतोच असे नाही. तरी पण माप माहीत असावे. घाबरायचे असले तरी मोजून घाबरावे.

संत्र्याचेही असेच फाटक आहे. संत्री व मोसंबी गटातील १३,७०० टन फळांना ३० टक्क्यांच्या जागी निम्मा, म्हणजे १५ टक्के कर. आपला नागपुरी संत्रा शास्त्रीय वर्गवारीत 'मँडरिन' गटात मोडतो. करारात संत्रा वेगळा आणि मँडरिन वेगळा लिहिलेला असला तरी या कोट्यात दोन्ही आहेत. सोनाळा भागातील बागायतदारांनी एवढे लक्षात घ्यावे की ऑस्ट्रेलियातील हंगाम आपल्या उन्हाळ्यापासून पावसाळ्याअखेरपर्यंत चालतो. आपला आंबिया ऑक्टोबरनंतर बाजारात येतो आणि मृग त्याच्याही पुढे. म्हणून फळ सहसा समोरासमोर येत नाही. शीतगृहातून उशिरा निघालेला माल आंबियाच्या सुरुवातीला भिडू शकतो, ती वेळ जपावी.

आणि हरभरा? ऑस्ट्रेलिया हरभरा मोठ्या प्रमाणावर पिकवते आणि तो बहुतांशी विकण्यासाठीच पिकवते. म्हणून आपल्या सरकारने करारात हरभरा वगळला. गहू, तांदूळ, बाजरी, साखर, दूध व दुधाचे पदार्थ हेही वगळले. वगळलेल्या मालाची अशी यादी प्रत्येक करारात असते आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने संपूर्ण करारातील ती सर्वांत महत्त्वाची पाने.

पण पुढची गोष्ट ऐका. हरभऱ्यावर २०१८ पासून ६० टक्के आणि अधिभार असा जबर कर होता. मे २०२४ मध्ये सरकारने देशी हरभऱ्यावरील आयात कर पूर्ण माफ केला. ही माफी ३१ मार्च २०२५ पर्यंत चालली आणि १ एप्रिल २०२५ पासून १० टक्के कर लागू झाला. त्या काळात ऑस्ट्रेलियाचा हरभरा जहाजे भरभरून आला. करारात हरभरा नव्हता, तरी आला! कापसाचेही पाहा. एप्रिल ते ऑक्टोबर २०२२ या काळात कापसावरचा कर माफ होता, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा करार लागूही झाला नव्हता. पुन्हा १९ ऑगस्ट २०२५ पासून कर माफ झाला, प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग वाढवून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. आपल्या वेचणीचा, सीतादहीचा आणि खामगावच्या बाजारात पहिली गाडी लावण्याचा नेमका तोच हंगाम. ही माफी कोणत्या एका देशासाठी नव्हती, सगळ्या जगासाठी होती.

दोन्ही वेळी वापरलेले हत्यार एकच, कलम २५. म्हणून मी नेहमी सांगतो की कराराच्या बातमीइतकेच लक्ष साध्या अधिसूचनेकडे द्या. दोन्हीत फरक आहे तो असा. साधी माफी सरकारला मनात येईल तेव्हा मागे घेता येते, मुदत संपली की ती आपोआप संपते. करारातली माफी मात्र दुसऱ्या देशाला दिलेला शब्द असतो. ती एकतर्फी मागे घेतली तर भांडण होते, तेथेही आपल्या मालावर कर बसू शकतो. कायद्यातही हा फरक केलेला आहे. सशर्त करमाफी ठरावीक मुदतीनंतर आपोआप संपावी अशी तरतूद २०२१ मध्ये कलम २५ मध्ये घालण्यात आली. २०२३ च्या वित्त अधिनियमाने त्यातून परदेशाशी झालेल्या व्यापार करारांच्या अधिसूचना वगळल्या. म्हणजे करारातले फाटक मुदतीने बंद होत नाही. आयात अचानक फार वाढून नुकसान होऊ लागले तर तात्पुरता संरक्षक कर लावण्याची सोय करारात असते, पण त्यासाठी चौकशी, पुरावा, आकडेवारी लागते. आपल्या बाजार समितीची रोजची आवक आणि भाव यांची नोंद अशा वेळी पुरावा ठरते, हे समित्यांच्या संचालकांनी ध्यानात ठेवावे.

माल कोणाचा आणि रोगमुक्त आहे काय?

सवलत त्या देशाच्या मालाला असते, त्या देशातून आलेल्या मालाला नव्हे. यात फार मोठा फरक आहे. समजा एखाद्या देशात सोयाबीन फारसे पिकतच नाही, पण त्याने बाहेरून कच्चे तेल आणले, शुद्ध केले आणि सवलतीत आपल्याकडे पाठवले. तेल त्याचे म्हणायचे की मूळ देशाचे? नेपाळमधून येणाऱ्या शुद्ध सोयाबीन तेलाबाबत आपले तेल उद्योजक हीच तक्रार करीत आले आहेत. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन घरोघरी आहे, तेव्हा हा प्रश्न परका नाही. अशा पळवाटा बुजविण्यासाठी २०२० मध्ये सीमाशुल्क कायद्यात २८ डीए हे कलम घातले गेले आणि २१ सप्टेंबर २०२० पासून नवे नियम लागू झाले. आता नुसते प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. माल त्या देशाचा कसा ठरतो याची माहिती आयात करणाऱ्याने जवळ ठेवली पाहिजे, आणि संशय आला तर अधिकारी ती मागू शकतात व सवलत रोखू शकतात.

दुसरी गोष्ट किडी-रोगांची. कर माफ झाला म्हणजे तपासणी माफ झाली, असा गैरसमज मी शिकल्यासवरल्या लोकांतही पाहिला आहे. तसे मुळीच नाही. १९१४ च्या विध्वंसक कीटक व कीड कायद्याखाली २००३ चा वनस्पती संगरोध आदेश आहे, तो करारानंतरही जसाच्या तसा लागू राहतो. आयात परवाना, पाठविणाऱ्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र, गरजेप्रमाणे धुरीकरण, हे सर्व करावेच लागते. गाजर गवत परदेशी धान्याबरोबर या देशात शिरले असे मानले जाते. त्याची पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि आज ते आपल्या धुऱ्यापर्यंत येऊन बसले आहे. एका बेसावध खेपेची किंमत तिसरी पिढी खुरप्याने मोजते आहे.

संसदेशिवाय जे होऊ शकत नाही

कर कमी करणे अधिसूचनेने होते. पण करारात कराच्या पलीकडची कलमे असली, तर १९६९ चा तो नियम आडवा येतो. याचे उत्तम उदाहरण बियाण्याचे आणि पेटंटचे. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचे बौद्धिक संपदेचे बंधन आपल्यावर आले. हा दोन देशांचा नव्हे, अनेक देशांचा करार, पण न्याय तोच. सरकारने १९९४ च्या डिसेंबरअखेर पेटंटबाबत वटहुकूम काढला. संसदेत विधेयक पार पडले नाही, वटहुकूम संपला. बंधन पाळले नाही म्हणून अमेरिकेने तक्रार केली आणि १९९७ मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला. तरीही कायदा बदलला तो १९९९ मध्ये, संसदेने बदलला तेव्हाच. बाहेर दिलेला शब्द एक आणि घरातला कायदा दुसरा, हे त्या चार वर्षांत स्पष्ट दिसले.

बियाण्याच्या बाबतीत संसदेने २००१ मध्ये पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला. त्यात पैदासकाराला हक्क दिले आणि ३९ व्या कलमात शेतकऱ्यालाही दिले. आपल्या शेतातले बियाणे जपून ठेवणे, पेरणे, पुन्हा पेरणे, शेजाऱ्याशी अदलाबदल करणे, वाटणे व विकणे हा आपला हक्क त्यात नोंदलेला आहे. संरक्षित वाणाचे बियाणे कंपनीसारखी पिशवी शिवून व नाव छापून मात्र विकता येत नाही. उद्या एखाद्या कराराने हा हक्क कमी करावा असे ठरले, तर वित्त मंत्रालयाची अधिसूचना पुरणार नाही. संसदेत विधेयक आणून ३९ वे कलम बदलावे लागेल. त्या वेळी मात्र "आमच्या खासदारानं मत देल्लं का?" हा प्रश्न शंभर टक्के लागू पडेल.

करार करण्यापूर्वीच संसदेचा सहभाग असावा, त्यासाठी केंद्राच्या यादीतील १४ व्या नोंदीखाली कायदा करावा, अशी शिफारस घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००२ मध्ये केली होती. असा कायदा झालेला नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर बोलणी चालू असताना सगळे उघड करता येणार नाही हे मला पटते. आपण बैल घेताना मनातला भाव दलालाला सांगतो काय? पण सौदा ठरल्यावर, सही होण्याआधी, शेतमालाची यादी तरी संसदेच्या समितीपुढे यावी.

मग केव्हा बोलायचे?

सही झाल्यावर बोलून फार थोडे बदलते. दोन देश सही केलेला मजकूर सहसा पुन्हा उघडत नाहीत. बोलायचे ते बोलणी चालू असताना. परदेशाशी कोणकोणत्या वाटाघाटी चालल्या आहेत हे वाणिज्य मंत्रालय जाहीर करीत असते. त्या काळात शेतकरी उत्पादक कंपनीने, बाजार समितीने, संत्रा बागायतदारांच्या संघाने लेखी म्हणणे पाठवावे. त्यात केवळ 'आमचे नुकसान होईल' असे लिहू नये. पिकाचा सीमाशुल्क क्रमांक, तालुक्यातील क्षेत्र, एकरी खर्च, बाजारात माल येण्याचे महिने आणि त्या महिन्यांतील भाव लिहावेत. 'हे पीक वगळा' ही एक मागणी झाली. 'आमच्या आवकेच्या चार महिन्यांत सवलत नको' ही दुसरी, आणि ती पुष्कळदा अधिक मान्य होण्यासारखी असते. प्रत आपल्या खासदारांना आणि राज्याच्या कृषी खात्याला द्यावी.

करार नेहमी आपल्याविरुद्धच असतो असे मात्र समजू नका. आपल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने गेल्या काही वर्षांत संत्र्यावरील आयात कर टप्प्याटप्प्याने इतका वाढवला की वरुड-मोर्शीपासून आपल्यापर्यंतच्या बागायतदारांचे भाव पडले. २०२३ मध्ये राज्य सरकारला निर्यातीसाठी अनुदान जाहीर करावे लागले. तो कर वाढवताना त्या देशाला कोणताही शब्द मोडावा लागला नाही, कारण संत्र्याबाबत त्याने आपल्याला शब्द दिलेलाच नव्हता. बांधून घेणारा करार असता तर त्यांनाही आपल्यासारखेच हात आखडते घ्यावे लागले असते. म्हणून एखाद्या करारात काय येणार हे विचारताना आपले काय जाणार हेही विचारले पाहिजे. इंग्लंडशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कराराकडे आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी चार देशांच्या कराराकडेही याच दोन्ही नजरांनी पाहावे.

१८७० साली खामगावला रेल्वे आली ती आपल्या कापसासाठी आली. त्या वेळी दर आणि करार इंग्रजांनी ठरविले, विचारणारे आपण कोणी नव्हतो. आज विचारण्याची वाट आहे, थोडी आडवळणाची असली तरी आहे.

अधिसूचना वाचणे अवघड नाही. तीत एक तक्ता असतो. पहिल्या रकान्यात अनुक्रमांक, मग मालाचा सीमाशुल्क क्रमांक, मग मालाचे वर्णन आणि शेवटी दर. कोटा असेल तर वेगळा तक्ता असतो व तो कोटा कोणी आणायचा हे परदेश व्यापार महासंचालनालय ठरवते. क्रमांक माहीत असला की शंभर पानांत आपली ओळ सापडते. कापूस ५२०१, हरभरा ०७१३ २०, तूर ०७१३ ६०, सोयाबीन तेल १५०७, संत्रा-मोसंबी ०८०५, आणि त्यात मँडरिन ०८०५ २१. हे क्रमांक मी मागच्या फळ्यावर लिहून ठेवले आहेत, ज्यांना हवे त्यांनी जेवणाच्या सुटीत उतरवून घ्यावेत. धुऱ्यावर प्रश्न विचारणारे ते बंधू आज आले असतील तर त्यांनी जरूर भेटावे. दुपारी दोन वाजता मृग बहारातील फळगळीवर सत्र आहे.